झिजलेल्या देवाला खाडी दाखवू नका

कोकणात भातकापणी उरकून हवा कोरडी झाली की देवळांच्या जीर्णोद्धाराच्या बैठका भरू लागतात. मुंबईची मंडळं वर्गणीचा आकडा घेऊन येतात, गावातले मानकरी फुटकी नळ्यांची कौलं आणि वाळवीने पोखरलेले वासे दाखवतात, आणि दोन-तीन बैठकांत सगळं ठरून जातं: स्लॅब, शिखर, ग्रॅनाईटची फरशी, गाभाऱ्याला टाइल्स आणि नवी मूर्ती. कार्यक्रमपत्रिकेत होम, प्राणप्रतिष्ठा आणि महाप्रसाद यांच्या अधेमधे एक ओळ असते, ‘जुन्या मूर्तीचे विधिपूर्वक विसर्जन’. वाद पेटतो तो या ओळीवरून, आणि दरवेळी त्याच वळणाने जातो. एक बाजू म्हणते, देव आमचा, भंगलेली मूर्ती पुजू नये असं शास्त्र सांगतं, पुरातत्त्ववाल्यांनी यात पडू नये. दुसरी म्हणते, शिलाहार राजांच्या काळातलं शिल्प आहे, गावकऱ्यांना त्याची किंमत नाही, ते संग्रहालयात न्या. ज्या मूर्तीवरून हे भांडण, ती मात्र दोघांपैकी कोणीच वाकून नीट पाहिलेली नसते. काय झिजलं, किती झिजलं, कशाने झिजलं, हे कोणी विचारत नाही.

जुनी पाषाणमूर्ती पाण्यात सोडू नये, आणि अगदीच इलाज खुंटल्याशिवाय गावाबाहेरही नेऊ नये, असं माझं म्हणणं आहे. गावाला नवी मूर्ती हवी असेल तर खुशाल बसवावी. जुनी त्याच देवळात, तिच्या शेजारी राहावी. ही काही दोन्ही बाजूंना खूश करायची तडजोड नाही. आपल्या परंपरेने, हिंदू आणि जैन दोन्ही, हे आधीच सांगून ठेवलं आहे, आणि लेण्यांमधून ते शतकानुशतकं आचरलंही गेलं आहे.

आधी विसर्जनवाल्यांच्या बाजूचं जे भक्कम आहे ते मान्य करू. त्यांचा शास्त्राधार खोटा नाही. अग्निपुराणात जीर्णोद्धाराचा स्वतंत्र अध्याय आहे. अतिजीर्ण मूर्ती सोडून द्यावी, लाकडाची असेल तर जाळावी, दगडाची पाण्यात टाकावी, धातूची किंवा रत्नाची खोल पाण्यात किंवा समुद्रात सोडावी, असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे. मूर्ती बदलणं आपल्याला परकं आहे असंही नाही. आरवलीच्या वेतोबाची मूर्ती पूर्वी फणसाच्या लाकडाची असे, आज ती पंचधातूची आहे. पुरीच्या जगन्नाथाच्या काष्ठमूर्ती नवकलेवराच्या वेळी बदलतात, शेवटच्या बदलल्या 2015 साली. देव म्हणजे दगड नव्हे, देव त्यात येऊन राहतो, हा विचार इथल्या भाविकाच्या हाडीमांसी भिनलेला आहे. त्याला वारसा, ठेवा, कलाकृती हे शब्द परके वाटले तर त्यात त्याचा दोष नाही. ज्याच्या कपाळाला चंदन लावायचं त्या देवाला कपाळच उरलं नसेल तर पूजा करणाऱ्या गुरवाची अडचण खरी आहे, आणि दूर शहरात बसून ती हसण्यावारी नेणं सोपं आहे.

पण अग्निपुराणाचा तो अध्याय पुढेही वाचावा लागतो. जुनी मूर्ती ज्या मापाची आणि ज्या द्रव्याची होती, त्याच मापाची आणि त्याच द्रव्याची नवी त्याच दिवशी स्थापावी, असं तिथेच सांगितलं आहे. मग काळ्या पाषाणाच्या जागी पांढरा संगमरवर कोणत्या शास्त्राने बसतो? दीड हाताच्या देवीच्या जागी चार फुटांची कशी चालते? शास्त्राचा आधार घ्यायचा तर पूर्ण घ्यायला हवा. विसर्जनापुरतं पुराण आणि मूर्तीच्या निवडीला जयपूरच्या मूर्तिकारखान्याचा कॅटलॉग, असं चालणार नाही. शिवाय ‘अतिजीर्ण’ कशाला म्हणायचं? नाकाचा टवका उडाला, प्रभावळीचा कोपरा गेला, चार हातांपैकी एकातलं आयुध झिजलं, एवढ्याने मूर्ती अतिजीर्ण होते का?

या प्रश्नाला जैन वास्तुग्रंथाने दिलेलं उत्तर मला फार नेमकं वाटतं. ठक्कर फेरू हा दिल्लीत अल्लाउद्दीन खिलजीच्या टांकसाळीत काम केलेला जैन गृहस्थ. 1315 साली त्याने प्राकृतात वास्तुसार लिहिलं. त्यात भंगाची प्रतवारी आहे. मूलनायकाचं, म्हणजे मुख्य मूर्तीचं, तोंड, नाक, डोळे, नाभी किंवा कंबर भंगली तर ती सोडावी. अलंकार, वस्त्र, परिकर (मूर्तीभोवतीची चौकट), चिन्ह किंवा आयुध भंगलं तर पूजा चालू ठेवावी. आणि याच्याही वर एक नियम: शंभर वर्षांपूर्वी थोर व्यक्तींनी स्थापलेली मूर्ती विकलांग झाली तरी पुजावी, ती निष्फळ होत नाही. मेवाडात राणा कुंभाच्या काळी, पंधराव्या शतकात, सूत्रधार (म्हणजे स्थपती) मंडनाने रूपमंडन रचलं, त्यातही हाच शंभर वर्षांचा नियम आहे. एक जैन सराफ आणि एक हिंदू सूत्रधार, दोघांमध्ये शंभरावर वर्षांचं अंतर, आणि दोघांचं म्हणणं एकच. गंमत अशी की 1972 च्या पुरावस्तू कायद्यानेही शिल्पाला पुरावस्तू म्हणायची मर्यादा शंभर वर्षांचीच ठरवली. शास्त्र एकीकडे आणि सरकार दुसरीकडे ओढतं आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे तिन्ही नियम एकदा शेजारी ठेवून पाहावेत.

फेरू आणखी एक गोष्ट सांगतो. धातूची किंवा लेपाची मूर्ती विकलांग झाली तर दुरुस्त करता येते, लाकडाची, रत्नाची आणि दगडाची मात्र पुन्हा सजवू नये. म्हणजे तुटलेल्या नाकावर नवं नाक चिकटवायला त्याची परवानगी नाही. आज ‘वज्रलेप’ या नावाखाली मूर्तींवर जे लेप चढवतात त्यांच्याकडे हा नियम लक्षात ठेवून पाहायला हवं. त्याकडे पुढे येतो.

लेण्यांची साक्ष मला सगळ्यात मोठी वाटते. लेण्यातला देव डोंगराचाच भाग. तो उचलता येत नाही, म्हणून पाण्यात सोडताही येत नाही. तो भंगला तर लोकांनी काय केलं? दापोली तालुक्यात कोटजाई नदीच्या काठी पन्हाळेकाजीची 29 लेणी आहेत. 1970 च्या सुमारास एक ताम्रपट सापडला आणि जगाचं त्यांच्याकडे लक्ष गेलं. आधी तिथे बौद्ध होते, वज्रयान या तांत्रिक बौद्ध पंथाच्या अक्षोभ्य आणि महाचंडरोषण या देवतांसह. मग शैव आणि गाणपत्य आले, मग नाथपंथी. आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, चौऱ्याऐंशी सिद्ध त्याच डोंगराच्या कुशीत कोरले गेले. पंथ बदलला, उपासना बदलली, आणि तरी आधीचं आज पाहता येतं, कारण नव्याने आलेल्यांनी बहुतेक वेळा आधीच्याच्या शेजारी कोरलं. वेरूळची जैन लेणी पाहा. इंद्रसभा आणि जगन्नाथसभा ही मूळ लेणी खोदली गेली त्याच्या कित्येक पिढ्यांनंतर, शके 1156 मध्ये, वरच्या डोंगरावर पार्श्वनाथाची भव्य मूर्ती घडवली गेली. कालचे तीर्थंकर झिजले म्हणून त्यांना तासून त्यांच्या जागी नवे कोरावेत असं कोणाला सुचलं नाही. जुन्नरच्या मानमोडी डोंगरात मुळात बौद्धांच्या लेण्यात पुढे जैनांची अंबिका येऊन बसली, लेणं तेच राहिलं. बोरिवलीच्या मंडपेश्वरात पोर्तुगीजांनी चर्च थाटलं, शिल्पं फोडली, भिंतीवर क्रूस कोरला. आज त्याच लेण्यात शिवलिंगाची पूजा होते आणि शेजारी भंगलेला नटराज भिंतीवर तसाच आहे. त्या नटराजाचं दर्शन कोणी अशुभ मानतं का? मग आपल्या देवळातल्या, तितक्याच जुन्या, तितक्याच भंगलेल्या देवीलाच दोष का लागतो? ती हलवता येते, एवढाच तिचा गुन्हा.

देव हलवण्याचीही कोकणाची स्वतःची रीत आहे, आणि ती नेमकी उलट दिशेची आहे. गोव्यात देवळं पाडली जाऊ लागली तेव्हा 1560 च्या सुमारास कुशस्थळीचा मंगेश नदीपलीकडे प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली. जीव धोक्यात घालून रातोरात देव नेणाऱ्या त्या माणसांना ‘परक्याचा हात लागला, आता खाडीत सोडू’ असं म्हणणं किती सोपं होतं! राजापूरजवळच्या कशेळीच्या कनकादित्याची आख्यायिका सर्वांना माहीत आहे. परचक्राच्या भीतीने सूर्यमूर्ती गलबतातून आणली, गलबत अडलं, मूर्ती समुद्रकाठच्या गुहेत ठेवली, पुढे ती गावात आली. आख्यायिका इतिहास म्हणून घेऊ नये, पण त्या गावाचं जुनेपण खरं आहे, तिथला शिलाहार राजा भोज दुसरा याचा ताम्रपट शके 1113 चा आहे. या गोष्टीत समुद्रातून देव काठावर येतो. आज पत्रिका छापून आपण त्याला परत समुद्रात पाठवतो. आणि पाण्यात सोडला की तो तिथेच राहतो, या भ्रमातही कोणी राहू नये. भरती-ओहोटी आहे, खाड्यांतला वाळूउपसा आहे. ड्रेजरच्या तोंडून वर आलेली मूर्ती कुठे जाते हे सांगायला नको.

काय हरवतं, हे एका उदाहरणाने सांगतो. शिलाहारकाळातल्या विष्णूमूर्ती दक्षिण कोकणात जागोजागी आहेत. विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा, पद्म. चार वस्तू चार हातांत चोवीस प्रकारे धरता येतात, आणि केशव, नारायण, माधव ही चोवीस नावं त्या चोवीस रचनांची आहेत. संध्येत आचमन करताना जी नावं घेतात तीच. रत्नागिरीजवळच्या कोळिसऱ्याचा लक्ष्मीकेशव पाहा: खालच्या उजव्या हातात पद्म, वरच्या उजव्यात शंख, वरच्या डाव्यात चक्र, खालच्या डाव्यात गदा. हा केशव. यातल्या शंख आणि गदा यांची अदलाबदल केली की तोच देव त्रिविक्रम होतो. आता समजा अशा एका झिजलेल्या मूर्तीचा फोटो कारखान्यात गेला. वरच्या हातातलं आयुध अस्पष्ट आहे. कारागीर कॅलेंडरातला विष्णू समोर ठेवून घडवतो, आयुधं त्याला शोभतील तिथे देतो. गावाचा केशव गावाला न कळत बदलला, नाव तेवढं राहिलं. जुनी मूर्ती शेजारी असती तर पुढे कोणीतरी बोट ठेवून चूक दाखवली असती. ती खाडीच्या तळाशी आहे.

देवींच्या बाबतीत हे अधिक घडतं. गावात भगवती, पावणाई किंवा आणखी कोणत्या नावाने पुजली जाणारी मूर्ती पुष्कळदा महिषासुरमर्दिनी असते, आणि जुन्या घडणीत ती सिंहावर बसलेली नसते. तिचा एक पाय रेड्यावर असतो, एका हाताने ती त्याचं शेपूट किंवा तोंड धरते, त्रिशूळ त्याच्या अंगात असतो. काही ठिकाणी रेड्याच्या मानेतून माणसाच्या रूपातला असुर बाहेर येताना दिसतो. तिच्या जागी येते ती हसऱ्या चेहऱ्याची, सिंहावर बसलेली, रंगवलेल्या ओठांची संगमरवरी दुर्गा. केळबाई म्हणून पुजल्या जाणाऱ्या गजलक्ष्मीच्या शिळेचंही तेच. दोन हत्ती, वर उचललेल्या सोंडा, कलश, हे सगळं एका सपाट पाटीवर उठावात कोरलेलं असतं. तिला ‘मूर्ती’ हवी म्हणून सुटी लक्ष्मी आणली की हत्ती जातात, आणि हत्ती गेले की तिची ओळखच जाते.

जैनांच्या जिनमूर्तींमध्ये धोका मूर्तीच्या बैठकीत, म्हणजे पीठात, असतो. बहुतेक तीर्थंकर दिसायला सारखे: पद्मासनात बसलेले किंवा कायोत्सर्गात सरळ उभे. कोण ते कळतं पीठावरच्या लांछनावरून, म्हणजे ओळखचिन्हावरून. बैल असेल तर ऋषभनाथ, हरीण तर शांतिनाथ, शंख तर नेमिनाथ, सिंह तर महावीर. डोक्यावर सात फण्यांचा नाग असलेला पार्श्वनाथ किंवा खांद्यावर केस रुळणारा ऋषभनाथ पीठ न पाहताही ओळखता येतो, बाकीच्यांचं तसं नाही. गाभाऱ्यात नवी फरशी घालताना पातळी चार इंच वर आली, पीठाची खालची पट्टी सिमेंटमध्ये गेली, की तीर्थंकराचं नावच पुरलं गेलं. घट्ट बसलेलं सिमेंट काढायला जावं तर पट्टीच निघून येते. नावाची चूक किती टिकते हे वेरूळला दिसतं. आंब्याच्या झाडाखाली सिंहावर बसलेली अंबिका आणि तिच्या समोरचा गजारूढ यक्ष यांना इंद्राणी आणि इंद्र समजलं गेलं, म्हणून लेण्याला इंद्रसभा नाव पडलं. चूक कळून कितीतरी वर्षं झाली, नाव अजून तेच आहे. तिथे निदान आंबा, सिंह आणि हत्ती दगडात शाबूत होते, म्हणून ती कळली तरी. गोव्यात बांदिवडे आणि कुडणे इथे जैन बसद्यांचे, म्हणजे मंदिरांचे, अवशेष आहेत. कोकणपट्टीतला जैन इतिहास असा तुकड्यातुकड्यांनीच हाती आहे, त्यातले तुकडे घालवणं परवडणारं नाही.

आता रंगाचा मुद्दा, कारण तो वादात हमखास येतो आणि चांगला आहे. ‘पूर्वी मूर्ती रंगवतच असत, मग आम्ही ऑइलपेंट दिला तर काय बिघडलं?’ रंगवत असत हे अगदी खरं. वेरूळच्या कैलासाला त्याच्या गिलाव्यामुळे आणि रंगांमुळे रंगमहाल म्हणत. जैन लेण्यांच्या छतांवर चित्रं आजही दिसतात. उघडा काळा दगडच पवित्र, ही पुरातत्त्वाची आवड आहे, परंपरेची नव्हे, आणि हे संवर्धनवाल्यांनी मोकळेपणाने कबूल करावं. पण तो गिलावा चुन्याचा किंवा मातीचा, रंग खनिजांचे. त्यांतून दगडाला श्वास घेता येतो, आत गेलेला ओलावा बाहेर पडतो. ऑइलपेंट म्हणजे प्लास्टिकचा रेनकोट. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, जोत्यातून ओल चढते, हवेत मीठ. दगडात शिरलेलं पाणी रंगाच्या थराखाली अडकतं, पावसाळा संपल्यावर सुकू लागतं, आणि त्यातलं मीठ पृष्ठभागाच्या किंचित आत स्फटिक धरतं. स्फटिक वाढतो तसा दगडाचा वरचा पापुद्रा सुटतो. दोन-चार वर्षांनी रंगाची खपली निघते ती गालाचा, बोटांचा थर घेऊन. मग लोक म्हणतात, मूर्ती झिजली.

सिमेंटचं गणित हेच. कोकणात शिंपल्यांचा चुना घाण्यात मळून वापरत, त्यात वाळू, कधी गूळ, कधी बेलफळाचं पाणी. तो दगडापेक्षा मऊ असतो, झिजायचा तो आधी झिजतो आणि दगड वाचवतो. सिमेंट दगडापेक्षा कडक, पाणी न सोडणारं आणि स्वतःचे क्षार घेऊन येणारं. मूर्तीच्या पायाशी सिमेंटचा बांध घातला की सगळा ओलावा घोट्यातून वर जाऊ लागतो, म्हणूनच अशा मूर्तींची पावलं सगळ्यात आधी भुगा होतात. तुटलेला हात जोडायला लोखंडी सळई घातली तर आणखी वाईट. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा घेतो आणि दगड आतून फोडतो. सांधायचंच असेल तर स्टेनलेस स्टीलची काडी आणि चुना. पितळी तारेच्या ब्रशने घासणं, साफसफाईच्या ॲसिडने धुणं, वाळूचा मारा करून ‘नव्यासारखी’ करणं, या तिन्हींनी एका दुपारी जेवढं जातं तेवढं तीनशे पावसाळ्यांत गेलेलं नसतं.

आणि वज्रलेप. हे नाव बृहत्संहिता या प्राचीन ग्रंथातलं. वराहमिहिराने सांगितलेला वज्रलेप म्हणजे कच्चं टेंभुर्णीचं आणि कवठाचं फळ, सावरीची फुलं, सालईच्या बिया, धामणीची साल, वेखंड यांचा काढा आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवायचा आणि त्यात राळ, गुग्गुळ, बिब्बा, जवस, बेल वगैरे मिसळून गरम लावायचा. आज त्या नावाने जे लावतात ते बऱ्याचदा इपॉक्सी असतं. ते उजेडाने पिवळं पडतं, निघता निघत नाही, आणि आत पाणी कोंडतं. जुनं नाव लावल्याने नवं रसायन शास्त्रोक्त होत नाही. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या मूर्तीवर पुरातत्त्व खात्याने 2015 साली रासायनिक संवर्धन केलं, मस्तकावरच्या नागावरून वाद झाला, आणि 2024 मध्ये पुन्हा संवर्धन करावं लागलं. तज्ज्ञांचा हात लागूनही लेप कायमचा नसतो. तोंडी ठरलेल्या दराने, कुठलीही नोंद न ठेवता गावोगाव फिरणाऱ्या लेपवाल्याकडून आपण कोणत्या टिकाऊपणाची आशा धरतो?

तरी झीज थांबवायला काहीतरी हवंच, आणि उपाय कोकणाच्या रिवाजातच आहे. मूर्ती झिजते ती मुख्यतः रोजच्या हातांनी: पंचामृतातलं दही आंबट, मध-साखर चिकट, त्यावर बुरशी, ती काढायला चिंच किंवा लिंबू आणि काथ्या. दक्षिणेतल्या आगमग्रंथांनी म्हणूनच मूळ बेर (म्हणजे मूर्ती) वेगळं आणि स्नपनाचं, उत्सवाचं बेर वेगळं केलं. आपल्याकडे शिमग्याला पालखीत रुपी लावतात, म्हणजे चांदीचे मुखवटे. रुपी म्हणजे देवच, याबद्दल गावात कोणाला शंका नसते. मग रोजचा अभिषेक रुप्यांवर किंवा उत्सवमूर्तीवर आणि मूळ पाषाणाला फूल, गंध, पाणी, एवढं करायला कोणतं शास्त्र आड येतं? गोव्यात आणि सिंधुदुर्गात अष्टबंध हा सोहळाच असतो. लाख, राळ, मेण, लोणी अशा द्रव्यांचं ते सांधण मूर्ती आणि पीठ यांच्यामध्ये भरतात, पाणी आत जाऊ देत नाही, आणि काही वर्षांनी गरम करून काढून नवं घालता येतं. काढता येणारं सांधण हे संवर्धनशास्त्राचं पहिलं सूत्र आहे. आपल्या गुरव-भटजींना ते आधीपासून ठाऊक होतं, सिमेंट आलं आणि विसरलं गेलं.

दुसऱ्या बाजूलाही काही ऐकवायला हवं. ‘संग्रहालयात न्या’ हे म्हणणाऱ्यांनी परळचं उदाहरण पाहावं. 1931 साली परळला रस्त्याचं काम चालू असताना शिवाची ती थोर शिळा सापडली. एका उभ्या शिवातून दुसरा, त्यातून तिसरा, बाजूंनी आणखी, असे सात शिव. ती शेजारच्या बारादेवीच्या देवळात गेली, आणि संग्रहालयाने तिचा प्लास्टरचा साचा घेतला. मूळ शिळा आजही पूजेत आहे, अभ्यासकाला साचा आहे. अंबरनाथचं शके 982 चं शिवालय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे, आणि महाशिवरात्रीला तिथे रांगा लागतात. पूजा आणि संरक्षण एकत्र नांदत नाहीत, हे कोणी ठरवलं? गावातून नेलेली मूर्ती कोठारात पडते, तिच्याखाली जिल्ह्याचं नाव आणि शतक एवढीच चिठ्ठी उरते. कोणत्या वाडीची, कोणत्या पाराजवळची, कोणत्या देवतेच्या डाव्या हाताला होती, हे कळतं गावातल्या म्हाताऱ्यांना, आणि त्यांना कोणी विचारलेलं नसतं. खातं गावाकडे येतं ते बहुधा नोटीस घेऊन, त्यामुळे गाव मूर्ती लपवतं. हा दोष गावाचा कमी आणि नोटिशीचा जास्त.

चोरीचा धोका खरा आहे. दिवेआगरचा सुवर्णगणेश 1997 ला सापडला आणि 2012 ला दरोड्यात गेला, दोन पहारेकऱ्यांचे जीव घेऊन. पण सोनं वितळवून विकता येतं. पाषाणमूर्तीचा बाजार ओळख पुसता येण्यावर चालतो. ज्या मूर्तीचे चारही बाजूंनी, शेजारी मोजपट्टी ठेवून काढलेले फोटो आहेत, उंची-रुंदी-जाडी, प्रत्येक हातातलं आयुध आणि प्रत्येक जुना टवका लिहून ठेवला आहे, आणि जिची पुरावस्तू म्हणून नोंदणी झाली आहे, ती विकणं अवघड. हे काम एका दिवसाचं आहे. तिरप्या उजेडात, म्हणजे सकाळी दार उघडून किंवा एका बाजूने बॅटरी धरून, फोटो काढले की झिजलेल्या रेषाही दिसतात. पीठावर अक्षरं असतील तर पातळ कागद ओला करून मऊ ब्रशने चोपून ठसा घ्यावा, खडू किंवा धान्याचं पीठ चोळू नये. शेंदराचे थर असतील तर घाईने खरवडू नयेत. सप्तशृंगीला 2022 मध्ये शेकडो किलो शेंदूर उतरला आणि आतलं मूळ रूप दिसलं, पण ते काम जाणकारांनी केलं. कवचाखाली दगड किती मजबूत आहे हे कळल्याशिवाय छिन्नी लावणं धोक्याचं.

‘एका देवळात दोन मूर्ती म्हणजे दोन सत्ता’ ही शंका मानकरी काढतात. विधी नीट पाहिला तर ती उरत नाही. नवीन प्रतिष्ठेपूर्वी जुन्या मूर्तीतलं तेज कलशात काढून घेतात आणि मग नव्या मूर्तीत स्थापतात. त्यानंतर जुना पाषाण विधीच्या दृष्टीने मोकळा असतो, त्याला नैवेद्याचं बंधन नाही, आणि देवळात ठेवल्याचा दोष लागायचंही कारण नाही. पुरीला बदललेल्या मूर्ती मंदिराच्याच आवारात, कोइली वैकुंठात, पुरतात. त्या लाकडाच्या म्हणून मातीत जातात, आपल्या दगडाच्या म्हणून भिंतीशी उभ्या राहू शकतात. शिवाय कोकणातल्या कुठल्या देवळात एकच पाषाण असतो? गांगो, पावणाई, वेतोबा, ब्राह्मण अशा देवतांची रांगच असते. त्या रांगेत आणखी एक. सभामंडपात, पावसाची झड न लागेल अशा भिंतीशी, जमिनीपासून हातभर उंच दगडी चौथरा, खाली चुन्याचा थर, भिंतीपासून चार बोटं अंतर म्हणजे हवा खेळते, आणि पाणी साचणार नाही असा फरशीला उतार. नवी फरशी घालताना जुन्या प्रणालाचं, म्हणजे अभिषेकाचं पाणी बाहेर नेणाऱ्या पन्हळीचं, तोंड बुजवू नये, एवढं गवंड्याला आधी बजावून सांगावं. खर्च विचाराल तर नव्या मूर्तीच्या वाहतुकीपेक्षा कमी. अडचण एकच, या चौथऱ्यावर देणगीदाराच्या नावाची ग्रॅनाईटची पाटी शोभत नाही.

मूर्ती बदलायची की नाही हे गाव कौल लावून ठरवतं, आणि ठरवावंच. पाषाणावर पाकळ्या लावतात, गाऱ्हाणं घालतात, उजवी पडली की होकार, डावी पडली की नकार. (नव्या गुळगुळीत संगमरवरावर पाकळी टिकते कशी, हा प्रश्न कौल लावणाऱ्यालाच विचारावा.) पण देवापुढे ‘नवी मूर्ती आणू का?’ एवढंच ठेवलं जातं. पुढच्या वेळी गाऱ्हाण्यात आणखी एक प्रश्न घालावा: ‘बा देवा म्हाराजा, जुनी तुझी रे शिळा, तुझ्याच देवळात ठेवतो, चालेल ना?’ आणि त्या प्रश्नाची पाकळी जुन्याच पाषाणावर लावावी.